चौथी दाढ

कोडोलीहून आलेल्या घोडीचं डावं झापड उजव्यापेक्षा बरंच मोठं होतं. बाजूचं काही दिसून टांग्याचा घोडा बुजू नये म्हणून झापडं लावतात, पण ती जोडीनं कापलेली, एकसारखी असतात. हे डावं झापड वेगळ्या कातड्याचं होतं, मागाहून शिवलेलं, आणि डोळ्याखाली गालावर चार बोटं उतरलेलं. त्याच्या खालच्या कडेतून पाणी झिरपत होतं. वाळलेल्या ओघळावर ताजा ओघळ.

“डोळा गळतोय बाई,” घोडीचा मालक म्हणाला. “दिवाळीपासनं. थांबायचं नाव घेत न्हाई.”

त्याचं नाव कृष्णात. कोडोलीच्या एस.टी. स्टँडवरून आसपासच्या वाड्यांवर तो टांगा हाकायचा. आज टांगा घरी ठेवून, पहाटे निघून त्यानं घोडीला चालवत कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं होतं. घोडीचं नाव शेवंती. चौऱ्याहत्तर सालचा जानेवारी होता, गुऱ्हाळं जोरात चालू होती आणि त्याच्या सदऱ्यालाही रस्त्यावरच्या काकवीचा वास येत होता.

“झापड काढा,” डॉक्टर श्यामला आठल्ये म्हणाली.

कृष्णातनं आधी फाटकाकडं पाहिलं. आवारात दोन म्हशी, त्यांचे धनी आणि कंपौंडर गणपतराव एवढेच होते. “काढायलाच पायजे व्हय?”

“पावणं,” गणपतराव म्हणाले, “डोळा दाखवायला आलाय का झाकायला?”

झापड निघालं. डोळा थोडा लाल होता, पण बुबुळ स्वच्छ होतं, कुठे ओरखडा नव्हता, फूल पडलेलं नव्हतं. डोळ्याच्या खाली, गालावर, केस गोल फिरून एक भोवरा झाला होता आणि डोळ्यातलं पाणी नेमकं त्या भोवऱ्यातून खाली जात होतं.

गणपतरावांनी जीभ टाळ्याला लावून आवाज केला. “आसूढाळ हाय की हो ही!”

घोडं विकत घेताना लोक अंगावरचे भोवरे बघतात. कपाळावरचा एक भोवरा चालतो, गळ्यावरचा भाग्याचा मानतात, डोळ्याखालचा मात्र कोणालाच नको असतो. असं जनावर स्वतः आसवं ढाळतं आणि घरालाही ढाळायला लावतं, असं म्हणतात. श्यामलाला हे नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ऐकायला मिळालं होतं. केसांची दिशा जनावर गर्भात असतानाच ठरते, एवढंच तिला शिकून ठाऊक होतं.

“आईला ठावं न्हाई,” कृष्णात हळू आवाजात म्हणाला. “आमच्या मामांनी असली घोडी घेतलती. वरीस सरायच्या आत मामा गेले. तवापासनं असलं जनावर गल्लीतनं गेलं तरी आई दार लावून घेती. मी हिला गेल्या साली बाजारात बघितली. पाय बघितले, चाल बघितली, दात बघितले. भोवऱ्यापायी दुसऱ्या कुणाला नको हुती, म्हणून मला परवडली. मग हे झापड शिवून घेतलं. ऊन लागतंय हिच्या डोळ्याला, असं सांगिटलं घरात.”

“आन् आता खरंच रडाय लागली,” गणपतराव म्हणाले.

“तेच की. आईनं ही धार बघितली तर दुसऱ्या दिवशी दोर दलालाच्या हातात. दुखण्यातली घोडी तो कुठं न्हेणार? विटांच्या भट्टीवर. तिथनं जनावर माघारी येत न्हाई.” त्यानं घोडीच्या मानेवर हात ठेवला. “काय बी करा, पर डोळा कोरडा करा.”

“आतापर्यंत काय काय केलंत?”

हळदीचं पाणी झालं होतं. मध झाला होता. एका वैदूनं दिलेलं काळं मलम झालं होतं. सगळं डोळ्यालाच.

श्यामलानं डोळा पुन्हा एकदा बॅटरीनं पाहिला आणि मग खाली वाकून नाक पाहिलं. उजवी नाकपुडी कोरडी होती. डावीच्या कडेला पिवळट, घट्ट स्राव चिकटला होता. एका नाकपुडीतून असं वाहायला लागलं की एका वाईट आजाराची शंका घ्यावी लागते. तो निघाला तर सरकारी नियमाप्रमाणे जनावर मारावंच लागतं. तिनं नाकाच्या आत व्रण शोधले, जबड्याखालच्या गाठी चाचपल्या. व्रण नव्हते, गाठी मऊ होत्या. मग तिनं आपलं नाक घोडीच्या नाकपुडीजवळ नेलं.

तो वास तिला ओळखीचा होता. सर्दीचा नव्हता, डोळ्याचाही नव्हता. माणूस असो, कुत्रा असो की घोडा, सडक्या दाताचा वास सारखाच येतो.

“गणपतराव, हिला जरा वाढं टाका.”

उसाचे हिरवे शेंडे त्या दिवसांत कोणत्याही फाटकाशी मिळायचे. शेवंतीनं घाईनं तोंडात घेतले, मान एका बाजूला वाकडी करून चावायला लागली, थांबली, पुन्हा चावायला लागली. थोड्या वेळानं तिच्या तोंडातून अर्धवट चावलेल्या पानांचा ओला बोळा खाली पडला.

“असं रोज टाकते?”

“वाढं निबर असतंय न्हवं. भरडा सगळा खाती की.”

“शेणात अख्खे दाणे दिसतात?”

“दिसत्यात. पर बाई, दात मी बघितलेत. सात वर्षांची म्हणून घेतली, आता आठ. दात एकदम झाक हाईत.”

“पुढचे.”

“पुढचेच बघत्यात की सगळी.”

खरं होतं ते. घोड्याचं वय पुढच्या दातांवरून कळतं म्हणून बाजारात ओठ वर करून पुढचे दात बघतात. दाढा फार मागं, गालांच्या आड असतात. तिथं हात घालायची कोणाला गरज वाटत नाही.

श्यामलानं जबडा उघडा धरायचं लोखंडी साधन बसवलं, जीभ एका बाजूला ओढून गणपतरावांच्या हातात दिली आणि हात आत घातला. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा विळ्यासारख्या धारदार झाल्या होत्या आणि गाल आतून कापला होता. हे नेहमीचं होतं. घोड्याचा वरचा जबडा रुंद, खालचा अरुंद. त्यामुळे दाढा पूर्ण घासल्या जात नाहीत, कडा उरतात, आणि लांब दांड्याच्या कानशीनं त्या घासून टाकल्या की काम होतं. पण ती बोटं मोजत मागं गेली. वर डावीकडची चौथी दाढ मधोमध उभी चिरलेली होती. चिरेत चाऱ्याचे तंतू दाबून बसले होते. चिमट्यानं तिनं ते ओढून काढले आणि कृष्णातपुढे धरले. त्यानं तोंड फिरवलं.

“हे एवढं हिच्या तोंडात?”

“बरेच दिवस.”

तिनं त्याला समजावून सांगितलं. घोड्याची दाढ आपल्या दाढेसारखी नसते. तिचा बराच भाग हाडात पुरलेला असतो आणि झिजेल तशी ती जन्मभर हळूहळू बाहेर येत राहते. वरच्या मागच्या दाढांची मुळं डोळ्याखालच्या एका पोकळीत असतात, हाडाची खोलीच म्हणा. दाढ सडली, पू त्या खोलीत भरला. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळी त्याच खोलीच्या भिंतीतून जाते. भिंत सुजली, नळी दबली.

“पाणी हिच्या डोळ्यात पहिल्यापासून रोज तयार होतं,” ती म्हणाली. “सगळ्यांच्याच होतं. ते आतून नाकात उतरतं म्हणून दिसत नाही. आता वाट बंद आहे, म्हणून गालावर येतंय.”

“म्हंजे भोवऱ्याचा काय संबंध न्हाई.”

“नाही.”

“पर हाय तर नेमकं त्याच्याखाली.”

याला योगायोग हा शब्द तिच्याकडे होता, पण ज्याला तो आधीच पटलेला असतो त्याचंच त्यानं समाधान होतं.

दाढ तोंडातून ओढून निघण्यासारखी नव्हती, मूळ फार लांब होतं. गालाच्या हाडाला भोक पाडून, वरून मुळावर ठोकून ती तोंडात पाडावी लागणार होती. भोक उघडंच ठेवायचं आणि त्यातून रोज मिठाच्या पाण्यानं आतली पोकळी धुवायची, जखम भरेपर्यंत. धुणं चुकलं तर पू पुन्हा साठणार, मग घोडी वाचायची नाही.

“भोक कुठं पाडणार?” कृष्णातनं विचारलं.

तिनं बोट ठेवलं. भोवऱ्यापासून थोडंसं खाली.

तो एकदम पुढं आला. “बाई, मग जरा वर पाडा की! चामडं काढायचंच हाय, तर भोवऱ्यासकट काढा. तुमाला काय, बोटभर इकडं का तिकडं. खूण गेली की आईला सांगायचं कारणच उरत न्हाई.”

“धुणार कोण? तुम्ही दिवसभर घरी असता?”

“घोडी बसली तर मला उसाच्या तोडीवर जावं लागंल.”

“मग घरी कोण असतं?”

“आई,” तो झापडाकडं बघत म्हणाला.

“गालाला भोक असलेली घोडी तुम्ही आईपासून कशी लपवणार? आधी त्यांना सांगा. त्यांना घेऊन या. तोवर मी हात लावणार नाही.”

जाताना त्यानं झापड घोडीला पुन्हा बांधलं.

दोनेक दिवस तो आला नाही. श्यामलाला वाटत राहिलं की आपण एक जनावर भट्टीवर पाठवलं. त्यानं मागितलं होतं ते अवघड नव्हतं. बोटभर वर चीर घेतली असती तर भोवरा गेला असता आणि बहुधा जखमही भरली असती. बहुधा. वरच्या बाजूला हाडात ती अश्रूंची नळी होती, आणि नळीला धक्का लागला असता तर घोडीचा डोळा जन्मभर गळला असता.

तिसऱ्या दिवशी सकाळी घोडी आली. तिच्या डाव्या डोळ्यावर झापड नव्हतं. ते कृष्णातच्या आईच्या, चिमणाबाईंच्या मुठीत होतं. त्या एस.टी.नं पुढं येऊन फाटकात उभ्या होत्या, उंच, हाडकुळ्या, आवाज मात्र साखळीला बांधलेल्या म्हशीलाही मान वळवायला लावणारा.

“कुठं हाय ती डाक्टरीण? तूच व्हय? मला वाटलं कोणतरी थोराड बाई असंल. घोडी पाडणार तू? अंगात काय हाय तुझ्या?”

“औषधानं पडते ती,” श्यामला म्हणाली.

“आन् ह्यो बघा माझा शाणा.” त्यांनी झापड कृष्णातच्या अंगावर फेकलं. “आयेला झापड लावलं यानं! वरीसभर मी हिला माझ्या हातानं पाणी पाजतीया, भाकरीचा तुकडा देतीया, आन् ह्यो बघतोय बाजूला उभा राहून. आरं, सांगिटलं असतंस तर मी खाल्लं असतं व्हय तुला?”

“खाल्लं असतंस,” कृष्णात म्हणाला.

“व्हय, खाल्लं असतं. पर माझ्या दारात काय बांधलंय ते मला कळलं तर असतं!” त्या श्यामलाकडं वळल्या. “दाढ काढ हिची. दुखण्यातलं जनावर मी दाराबाहेर ढकलणार न्हाई. बरी झाली की मात्र इकणार. त्याला सांगून ठेवलंय.”

कृष्णात खाली बघत होता. जखम भरेपर्यंतची, दोनेक महिन्यांची मुदत मिळाली होती, एवढंच.

कडब्याची जाड गादी अंथरली. शिरेतून औषध गेलं तशी शेवंती डुलायला लागली आणि दोरांच्या आधारानं हळूच कडेला आडवी झाली. चिमणाबाई कोणी न सांगता तिच्या डोक्याशी बसल्या. श्यामलानं गालावरचे केस भादरले, सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, हाडाच्या कडा बोटांनी पुन्हा मोजल्या. भोवरा चिरेच्या वरच राहिला. समोरून कृष्णातची नजर तिच्या हातावर आहे हे तिला जाणवत होतं. तिनं चीर हलवली नाही.

हाडाची गोल चकती निघाली तेव्हा आतून जे बाहेर आलं त्या वासानं म्हशींचे धनी मागं सरले. चिमणाबाईंनी पदर नाकाला लावला, पण उठल्या नाहीत. मग श्यामलानं डावा हात घोडीच्या तोंडात, दुखऱ्या दाढेवर ठेवला, उजव्या हातानं भोकातून बोथट लोखंडी छिन्नी मुळावर टेकवली, आणि हातोडी गणपतरावांनी घेतली.

“हळू. एक.”

तोंडातल्या बोटांना ठोका कळला पाहिजे होता. शेजारच्या दाढेला कळला तर छिन्नी चुकीच्या मुळावर आहे. तिनं छिन्नी केसभर फिरवली.

“पुन्हा.”

या वेळी ठोका बरोबर बोटाखाली आला. मग गणपतराव ठोकत राहिले आणि ती डोळे मिटून बोटांनी ऐकत राहिली. दाढ आधी नुसती कण्हल्यासारखी हलली. मग एकाएकी सुटून तिच्या तळहातात आली, अंगठ्याहून लांब, दोन फाकांत.

चिमणाबाईंनी ती दाढ मागून घेतली. उन्हाकडं धरून बघितली, चिरेत नख घातलं.

“हे घेऊन ही टांगा वढत हुती?”

“हो.”

“आन् आमी म्हणायचो, निबर वाढं टाकती, लई नखऱ्याची हाय.” त्यांनी दाढ खाली ठेवली आणि घोडीच्या गालाकडं बघितलं. “भोवरा ऱ्हायला की.”

“राहिला.”

“ह्यो म्हणत हुता, तुला काढता आला असता.”

“चामडं काढता आलं असतं. दुखणं तिथं नव्हतं.”

दाढेच्या जागी मेणकापडाचा बोळा बसवणं, धनुर्वाताचं इंजेक्शन, बाकीच्या दाढांच्या कडा घासणं, सगळं चिमणाबाई नीट बघत होत्या. भोकातून मिठाचं पाणी सोडलं की ते नाकातून कसं बाहेर येतं, पाणी किती कोमट हवं, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

पाडव्यानंतर दोघं टांग्यातूनच आले. शेवंतीच्या पाठीवर मांस चढलं होतं. गालावरचं भोक बुजून तिथं टणक, बिनकेसाची खूण राहिली होती. डोळा कोरडा होता. भोवऱ्यावर हळदीचं बोट लावलेलं होतं.

“जखमेत जात नव्हती ना हळद?” श्यामलानं विचारलं.

“खुळी हाय काय मी? आधी जखम धुवायची, मग हात धुवायचा, मग हळद.” चिमणाबाई टांग्यातून उतरल्या. “धुतलं तुझ्या सांगण्यापरमाणं. एक दिस चुकवला न्हाई. ह्याला इचार. आता इकायला हरकत न्हाई न्हवं?”

कृष्णात लगामाची गाठ सोडत होता. सोडत राहिला.

“विका,” श्यामला म्हणाली. “पण घेणाऱ्याला एक सांगावं लागेल. वरची दाढ गेली. खालच्या दाढेला आता घासायला समोर कोणी नाही आणि ती तर वाढतच राहणार. वर्षातून दोनदा ती कानशीनं उतरवून घ्यावी लागेल. घोडी जगेल तोवर.”

“न्हाई उतरवली तर?”

“वरच्या रिकाम्या जागेत घुसेल. जबडा फिरवता येणार नाही. पुढ्यात चारा असून उपाशी मरेल.”

“घेणाऱ्याला दिसंलच की ते.”

“घेणारे पुढचे दात बघतात.”

चिमणाबाईंनी कमरेवर हात ठेवले. “भोवरा तर दिसतोयच. त्याच्याखाली ही खूण. आन् वर आपल्या तोंडानं सांगायचं, हिला दाढ न्हाई, दर सा म्हैन्याला कानस मारा. कोण घेतंय?”

“कोणी नाही.”

“न सांगता दिली तर कुठला बी दलाल घील,” गणपतराव म्हणाले.

“आन् कुणाच्या तरी दारात नेऊन बांधंल. त्याला बिचाऱ्याला ठावं न्हाई!” चिमणाबाईंचा आवाज चढला. “दारात काय बांधलंय हे धन्याला ठावं नसलं म्हंजे कसं वाटतंय, मला इचारा की!”

शेवंतीनं मान खाली घालून गणपतरावांच्या पायाशी पडलेलं वाढं उचललं आणि चावायला लागली. मान सरळ होती. चिमणाबाई तिच्या जबड्याकडं बघत राहिल्या. बोळा पडला नाही.

“तू काय बी म्हण,” त्या श्यामलाला म्हणाल्या, “भोवरा वाईटच.”

“मी काही म्हटलं नाही.”

“म्हणू बी नगंस. वाईट हाय, पर तो आता माझ्या दारातला हाय. मला ठावं हाय तो.” त्यांनी बाह्या सारल्या, काकणं कोपराकडं चढवली. “खालची दाढ वाढली हे मला कसं कळायचं? दरखेपेला तुझ्याकडं पळत यायचं व्हय?”

श्यामलानं लोखंडी साधन आणलं, पण बसवण्याआधी जीभ कशी धरायची ते दाखवलं. गालाकडून, जिथं लगाम बसतो त्या दात नसलेल्या जागेतून हात घालायचा, जीभ बाजूला घ्यायची, ओढायची नाही. मग साधन बसवलं. चिमणाबाईंनी हात आत घातला.

“हितं?”

“अजून मागं. बोटानं मोजत जा.”

“येक. दोन. ही तिसरी.” त्यांचा चेहरा बदलला. “हितं काय न्हाई. खड्डा हाय.”

“तीच जागा. आता सरळ खाली या.”

घोडीनं कान मागं टाकले. चिमणाबाईंचा हात मनगटाच्या वर आत गेला होता आणि डोळे फाटकापलीकडं कुठंतरी लागले होते.

“व्हय. ही बघ. जराशी वर आलीया शेजारणींपेक्षा.” मग मान न वळवता त्यांनी हाक मारली. “आरं कृष्णात, बघत काय ऱ्हायलास? ये, जीभ धर हिची.”